व्हिडिओ लावला की वर्ग गप्प होतो, मग पुढे काय?

मॅडम, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून शाळेला ५५ इंची स्मार्ट टीव्ही दिला, सहावी-सातवीला तुम्ही रोज एखादा व्हिडिओ दाखवता, पोरं डोळे विस्फारून बघतात, आणि घटक चाचणीत मात्र पहिले पाढे पंचावन्न. प्रशिक्षणात दहा ॲप दाखवली, पण सोमवारी तिसऱ्या तासाला नक्की काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "माझंच काही चुकतंय का?"

चुकतंय, पण तुमच्या एकट्याचं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत मला २६ वर्षं झाली. त्यातली निदान दहा मी अशीच घालवली. आमच्या शाळेत पहिला संगणक आला तेव्हा त्याला प्लास्टिकचं कव्हर, कव्हरावर टॉवेल आणि खोलीला कुलूप. दसऱ्याला हार घालून पूजा व्हायची, तेवढाच त्याचा उपयोग. मग २०१५ च्या सुमाराला राज्य सरकारच्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाचं वारं आलं, गावोगाव 'डिजिटल शाळा' व्हायला लागल्या, आमच्याकडेही प्रोजेक्टर, मग टीव्ही आला. मी हौसेनं रात्र-रात्र बसून व्हिडिओ उतरवायचो. पेन ड्राइव्हमध्ये विषयवार फोल्डर केले होते. तालुक्यात माझं नाव झालं, तंत्रस्नेही शिक्षक म्हणून.

त्याच वर्षी सातवीला चंद्राच्या कला शिकवल्या. व्हिडिओ फार देखणा होता. काळं अवकाश, फिरणारी पृथ्वी, तिच्याभोवती फिरणारा चंद्र, मागे संगीत. चौतीस मुलं, चिडीचूप. तास संपल्यावर सहज म्हणून कागदाचे कपटे वाटले आणि एकच प्रश्न घातला: चंद्र कधी पूर्ण, कधी अर्धा का दिसतो? चौतीसपैकी सव्वीस कपट्यांवर एकच उत्तर, पृथ्वीची सावली पडते म्हणून. व्हिडिओत असं कुठंही सांगितलेलं नव्हतं. मुलं ही समजूत घरून घेऊन आली होती, व्हिडिओ बघितला, आणि तीच समजूत घेऊन घरी गेली. वर त्यांना आता ती व्हिडिओत बघितल्यासारखी वाटत होती.

ते कपटे मी फेकले नाहीत. बरेच दिवस ते टाचण वहीत, म्हणजे पाठाची आखणी लिहायच्या वहीत होते. हळूहळू लक्षात आलं की मी पाठ काढताना स्वतःला प्रश्नच चुकीचा विचारत होतो. मी विचारायचो, या घटकावर चांगला व्हिडिओ कुठला? विचारायला हवं होतं, या घटकात मूल अडतं कुठं? हे आधी कळलं तरच टीव्ही लावायचा, फोन काढायचा की दोन्ही बंद ठेवून मैदानात जायचं ते ठरवता येतं. तेव्हापासून माझ्या टाचणात 'शैक्षणिक साहित्य' या रकान्याच्या आधी मी पेन्सिलीनं एक रकाना आखतो, 'अडण्याची जागा'. केंद्रप्रमुखांनी एकदा विचारलं, हा नमुन्यात नाही. म्हटलं, साहेब, खोडून टाकता येतो.

प्रशिक्षणात तुम्हाला तीन वर्तुळांची आकृती दाखवली असेल: विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान, तंत्रज्ञानाचं ज्ञान. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या दोन संशोधकांनी २००६ साली मांडलेली 'टीपॅक' नावाची ही चौकट. ती चांगली आहे, माझी तक्रार चौकटीबद्दल नाही. तक्रार आहे ती तिघं जिथं एकमेकांवर येतात त्या मधल्या जागेबद्दल, आणि नेमकी तिथंच प्रशिक्षणाची जेवणाची सुट्टी होते. म्हणून मी तुम्हाला दोन तास जसेच्या तसे सांगतो.

पहिला चंद्राचाच. दुसऱ्या वर्षी तोच घटक आला तेव्हा टीव्ही बंद ठेवून मी विचारलं, "संकष्टीचा उपास घरी कोण धरतं?" निम्म्या वर्गाचे हात वर. कुणाची आई, कुणाची आजी. "मग जेवतात कधी?" "चंद्र निघाल्यावर." "तो निघतो किती वाजता?" नऊ, साडेनऊ, एकदा तर दहा वाजले होते सर, आजी लई कावली. "आणि पौर्णिमेला किती वाजता निघतो?"

इथं वर्ग थांबला. कुणी म्हणालं सात, कुणी म्हणालं तो असतोच की. संकष्टीच्या चंद्राची वाट बघावी लागते आणि पौर्णिमेच्या बघावी लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ही गोष्ट विचारण्यासारखी आहे असं त्यांना कुणी सुचवलं नव्हतं.

पौर्णिमा दोन दिवसांवर होती. घरचा अभ्यास दिला: पौर्णिमेपासून संकष्टीपर्यंत रोज चंद्र दिसायला लागला की वेळ लिहा. घरी फोन असेल तर एक फोटो काढा, पण फोटोत चंद्राखाली काहीतरी ओळखीचं यायला हवं, विजेचा खांब, देवळाचा कळस, शेजाऱ्याची टाकी. साध्या फोनच्या कॅमेऱ्यात चंद्र म्हणजे पांढरा ठिपका, त्याची कला काही दिसत नाही. मला हवी होती ती फोटोसोबत नोंदलेली वेळ आणि चंद्राची जागा. फोन नसलेल्यांनी घड्याळात बघून वहीत लिहायचं. दोन्ही नोंदी फळ्यावर शेजारी शेजारी, कुणाचीही कमी-जास्त नाही. पाचव्या दिवशी फळ्यावर तक्ता तयार झाला: पौर्णिमेला पावणेसात, दुसऱ्या दिवशी साडेसात, मग सव्वाआठ, मग नऊ वाजून पाच. म्हणजे रोज पाऊण तासाच्या थोडा वर उशीर. पूर्वेला डोंगर असलेल्या वस्तीवरच्या मुलांच्या वेळा सगळ्यांपेक्षा उशिराच्या आल्या. एका मुलानं त्या 'चुकल्या' म्हणून खोडल्या होत्या, त्याला मी परत लिहायला लावल्या.

मग अंधारी खोली. पडदे नाहीत, खिडक्यांना गोणपाट लावलं. मध्ये उंचावर एक बल्ब, तो सूर्य. एका मुलीच्या हातात काडीला खोचलेला पांढरा प्लास्टिकचा चेंडू, तो चंद्र. आणि तिचं डोकं म्हणजे पृथ्वी. हा खेळ पुष्कळ शिक्षक घेतात आणि त्याची अडचण तुम्हालाही माहीत असेल: जिच्या हातात चेंडू, तिलाच दिसतं. बाकी तेहतीस जण बाजूनं बघतात आणि बाजूनं वेगळंच दिसतं. माझ्या जुन्या व्हिडिओची खोड हीच होती. तो वरून, अवकाशातून दाखवत होता. आपण चंद्र बघतो अंगणातून.

आता टीव्ही लावला. मुलीनं माझा फोन डोळ्याशेजारी धरला, चेंडू दुसऱ्या हातात समोर, आणि फोनचा पडदा टीव्हीवर. ती गोल फिरायला लागली तसं तिच्या डोळ्यांना जे दिसतंय ते सगळ्या वर्गाला ५५ इंचांवर दिसायला लागलं. बल्बकडे तोंड, चेंडू काळा: अमावास्या. पाव फेरी, अर्धा चेंडू उजळलेला. अजून पाव फेरी, बल्ब पाठीमागे, आणि अचानक चेंडू पुन्हा काळा झाला. तिच्या डोक्याची सावली पडली होती. मागच्या बाकावरून आवाज आला, "ग्रहण!" मी म्हटलं, हात जरा वर कर. केला, आणि पूर्ण चंद्र लखलखला.

त्या क्षणी मी काही बोललो नाही. पृथ्वीच्या सावलीचं काम कुठं आहे आणि कुठं नाही, ते पोरांनी स्वतः पाहिलं होतं. चंद्राची कक्षा पाचेक अंशांनी कललेली असते, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, एवढं वाक्य नंतर सांगितलं आणि ते सहज पचलं.

अष्टमीनंतरचा शनिवार आला. सकाळची शाळा. परिपाठाला मुलं मैदानात, पूर्वेला सूर्य, आणि पश्चिमेकडे डोक्यावर फिकट अर्धा चंद्र. टीव्ही वर्गात बंद. प्रत्येकाच्या हातात चेंडू, लिंबू, जे असेल ते. चंद्राच्या दिशेनं हात लांब करून धरायला सांगितलं. उन्हात लिंबाची जी बाजू उजळली होती तीच बाजू चंद्राची उजळलेली. सूर्य आणि चंद्र दोघंही डोळ्यांसमोर असताना मध्ये पृथ्वीची सावली येणार कुठून? हे शब्द माझे नाहीत, एका मुलीनं शेजारणीला सांगितलेले आहेत, मी फक्त ऐकले.

पुढची संकष्टी यायच्या आधी लॅपटॉपवर स्टेलॅरियम उघडलं. हे आकाश दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर आहे, एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. त्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घातले, तारीख पुढे सरकवली आणि चंद्र क्षितिजावर येईपर्यंत घड्याळ पळवलं. आलेली वेळ फळ्यावर. मग घरून आणलेली दिनदर्शिका काढली. तिच्यात संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा शहरवार छापलेल्या असतात. नागपूरची वेळ मुंबईच्या आधी निघाली. का? मुंबई साधारण ७३ रेखांशावर, नागपूर ७९ वर. सहा अंश, अंशाला चार मिनिटं, चोवीस मिनिटं. दिनदर्शिकेतला फरक महिन्यागणिक थोडा इकडेतिकडे होतो, पण त्याच्याच आसपास. रेखांशाचा जो पाठ मी दर वर्षी पाठ करून घ्यायचो, तो पोरांनी आजीच्या उपासाच्या वेळेवरून काढला.

शेवटी पुन्हा तेच कपटे वाटले. सव्वीसचे सात झाले. सात जण अजून सावलीवरच होते, हेही सांगायला हवं. त्यांना मी नंतर दोघा-दोघांना बोलावून चेंडू हातात दिला.

या सगळ्यात टीव्ही किती वेळ चालला याचा हिशोब करा. सहा तासिकांत मिळून पंचवीसेक मिनिटं.

दुसरा तास गणिताचा, दशांश अपूर्णांकांचा. इथं अडण्याची जागा आपल्या बोलण्यातच आहे. ०.३५ ला मुलं 'शून्य पॉइंट पस्तीस' म्हणतात, आपणही घाईत म्हणतो. पस्तीस म्हटलं की चारपेक्षा मोठं वाटणारच. 'शून्य पूर्णांक तीन पाच' असं वाचायची सवय लावली तर निम्मा रोग तिथंच बरा होतो, पण आधी रोग किती जणांना आहे ते कळायला हवं. "समजलं का?" विचारलं तर चौतीस जण एका सुरात "होऽऽ" म्हणतात. त्या होकाराला काही अर्थ नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

यासाठी मी प्लिकर्स नावाचं ॲप वापरतो. फोन फक्त शिक्षकाकडे, मुलांकडे कागदाची कार्डं. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी-पांढरी आकृती, चार बाजूंना चार बारीक अक्षरं. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो, आणि कुणी काय उत्तर दिलं ते फोनवर उमटतं. शेजाऱ्याच्या कार्डात बघून उत्तर चोरता येत नाही आणि चुकलं तरी चारचौघांत हसं होत नाही. चाळीस कार्डं एकदाच छापली, जाड पुठ्ठ्यावर डकवली, आता पाचवं वर्ष चालू आहे. चकाकणाऱ्या प्लास्टिकमध्ये घालू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा वाचत नाही. मी आधी तेच केलं होतं, लॅमिनेशनचे पैसे वाया.

प्रश्न होता: ०.३५ आणि ०.४, मोठी संख्या कोणती? बरोबर उत्तर देणारे निघाले बारा. मी उत्तर सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की शेजारी ज्याचं उत्तर वेगळं आहे त्याला पटवून द्या, तीन मिनिटं. ही युक्ती माझी नाही, हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर ती १९९० च्या दशकापासून वापरतात. त्यांचा ठोकताळा असा की तीस ते सत्तर टक्के मुलांचं उत्तर बरोबर असेल तर आपसातल्या चर्चेचा फायदा होतो. त्याहून कमी असेल तर पुन्हा शिकवा, जास्त असेल तर पुढे चला. बारा म्हणजे जेमतेम त्या हद्दीत होते.

वर्गात कलकलाट. मी फिरत फिरत ऐकत होतो. एक जण पैशांत समजावू पाहत होता, चाळीस पैसे आणि पस्तीस पैसे. समोरच्याचा चेहरा कोरा. चूक त्याची नाही, पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ सालीच चलनातून गेली, या पोरांनी पैसे बघितलेलेच नाहीत. आपल्या डोक्यात मात्र अजून दशांश म्हणजे रुपये-पैसेच. तेवढ्यात ज्याच्या घरी चार गाई आहेत तो मुलगा म्हणाला, "अरे, डेअरीवर साडेसहा लिटरच्या खाली गेलं की कसं येतं? सहा पॉइंट चाळीस. नुसतं सहा पॉइंट चार नसतं लिहीत."

दुसऱ्यांदा कार्डं वर झाली तेव्हा बरोबर उत्तरं सत्तावीस.

दुसऱ्या दिवशी त्यानं दूध डेअरीच्या पावत्या आणल्या. त्यांचे फोटो काढून, खातेदाराचं नाव झाकून, टीव्हीवर लावले. लिटर ६.३५, फॅट ३.८, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) ८.५. गाईच्या दुधाचा दर फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ धरून ठरतो, हे वर्गातल्या दहा जणांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मग प्रश्नच प्रश्न. ६.३५ लिटरवाला आणि ६.४ लिटरवाला यांच्यात दूध जास्त कुणाचं? फॅट ३.८ वरून ४ वर गेली तर किती वाढली? पाठ्यपुस्तकातला पाठ बाजूला राहिला, दोन दिवसांनी तो उघडला तेव्हा तासाभरात संपला.

इथं एक सवय सांगून ठेवतो, मला सगळ्यात उपयोगी पडलेली. टीव्हीवर बाहेरचं दाखवण्यापेक्षा वर्गातलंच दाखवा. मुलाच्या वहीतलं चुकलेलं गणित, नाव न दिसेल असा फोटो काढून, टीव्हीवर लावायचं आणि विचारायचं, "यानं विचार कसा केला असेल?" चूक कुठं आहे असं विचारू नका, ते विचारलं की वर्ग मारकुटा होतो. विचार कसा केला असेल म्हटलं की पोरं गुप्तहेर होतात. यासाठी फोन टीव्हीला जोडणारी केबल पुरते. ही एकच गोष्ट महिनाभर केलीत तरी तुमच्या टीव्हीचे पैसे वसूल.

छोट्यांचं थोडक्यात. तिसरी-चौथीला वाचनासाठी मी फोनमधला साधा आवाज नोंदवायचा रेकॉर्डर वापरतो. मूल एक उतारा वाचतं, मग कानाला हेडफोन लावून स्वतःचं वाचन ऐकतं आणि उताऱ्यावर जिथं अडखळलं तिथं पेन्सिलीनं टिंब देतं. आम्ही चुका सांगितल्या की पोरं मान डोलावतात. स्वतःच्या कानानं ऐकलं की कान टवकारतात. एका मुलीनं 'आश्चर्य' या शब्दाखाली तीन टिंबं दिली आणि स्वतःहून म्हणाली, परत घेऊ का? पंधरा दिवसांनी दोन्ही वाचनं एकापाठोपाठ ऐकवली तेव्हा तिच्या आईनं पदर डोळ्याला लावला. पालकसभेत प्रगतिपत्रकावर सही करण्यापेक्षा हे बरं.

व्हिडिओ अजिबात दाखवू नका असं माझं म्हणणं नाही. हृदयाच्या झडपा, ज्वालामुखी, जंतूचं विभाजन खडू-फळ्यावर काय दाखवणार? पण दाखवताना आधी आवाज बंद. अर्ध्या मिनिटावर थांबवायचं. पुढे काय होईल ते वहीत लिहा, मगच पुढचं. चार मिनिटांचा व्हिडिओ तासिकाभर पुरला पाहिजे. पुस्तकातले क्यूआर कोड आणि सरकारच्या दीक्षा ॲपवर तुम्हाला साहित्य मिळेल. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, त्यात याच क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता. पण कोड म्हणजे दार आहे, आत जे सापडेल ते आधी स्वतः पूर्ण बघा. निवेदकाची भाषा तुमच्या मुलांना कळते का, चित्रातलं गाव त्यांचं वाटतं का ते तपासा. विज्ञान-गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' नावाची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, बघाच. बरीचशी मराठीत आहेत आणि उतरवून घेता येतात. विद्युत परिपथाचं सिम्युलेशन छान आहे. पण आधी खरा सेल, खरी तार आणि टॉर्चचा बल्ब. तो पेटला नाही की मग पडद्यावर या, कारण तारेत काय वाहतंय ते सेल दाखवू शकत नाही.

तुम्ही विचारलंत, अधिकारी म्हणतात रोज वापरा, काही सहकारी म्हणतात हे सगळं थोतांड, संशोधन काय म्हणतं? दोन उदाहरणं पुरेत. पेरू देशानं लाखो मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३१९ शाळांची तुलना केली, तेव्हा लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत काहीही फरक सापडला नाही. दुसरीकडे दिल्लीत शाळा सुटल्यावर सहावी ते नववीच्या मुलांना माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर बसवलं, सोबत लहान गटात शिकवणी. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली प्रगती झाली. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तिथं मूल सातवीत असलं तरी त्याची पायरी चौथीची असेल तर त्याला चौथीचाच प्रश्न मिळत होता. पेरूत यंत्र मुलाच्या हातात आलं, पण मूल कुठं अडलंय ते बघायला त्या यंत्रात काही नव्हतं आणि माणूसही नव्हता. ही दोन उदाहरणं मी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही सांगितली आहेत. एक आजोबा म्हणाले, म्हणजे बैल घेतला पण रान बघितलं नाही.

घरी फोनवर अभ्यास पाठवण्याबद्दल मी फार जपून असतो. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' म्हणत आम्ही सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर अभ्यास धाडले. फोन बापाच्या खिशात, बाप ऊसतोडीला नाहीतर शहरात. घरात एकच फोन असेल तर तो आधी भावाला मिळतो, बहिणीला रात्री दहाला, तेव्हा तिच्या डोळ्यांवर झोप असते. म्हणून माझ्याकडे फोनचा अभ्यास कायम 'असेल तर', आणि त्याला गुण नाहीत.

चॅटजीपीटीसारखी साधनं मी वापरतो, पण मुलांसमोर नाही, टाचण काढताना. त्याला मी सांगतो, या प्रश्नाला मुलं कोणकोणती चुकीची उत्तरं देतील ती सुचव. त्यातून प्लिकर्सचे पर्याय बरे मिळतात. मात्र मराठी शब्द भलतेच घालतं आणि आकडेमोडही कधीकधी ठोकून देतं, त्यामुळे प्रत्येक ओळ तपासल्याशिवाय वर्गात नेत नाही. आणि माझ्या कपट्यांवर सापडलेल्या चुका त्याच्या यादीपेक्षा नेहमीच जास्त गमतीदार असतात.

बाकी किरकोळ. सगळं आदल्या दिवशी उतरवून ठेवा, वर्गात नेटवर विसंबू नका. वीज जाणारच, तेव्हा तास त्यावाचून पुरा होईल असाच बांधा. टीव्ही खिडकीसमोर लावला असेल तर जागा बदला, मागच्या बाकाला निम्मं चित्र दिसत नाही. स्वतः एकदा शेवटच्या बाकावर बसून बघा. वेगळ्या स्पीकरला थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. आणि उपक्रमाचे फोटो मागणाऱ्यांना फोटो द्या, पण तास चालू असताना काढू नका. एकदा आमच्याकडे एका वरिष्ठांच्या भेटीसाठी टीव्ही दिवसभर चालू ठेवायला लावला होता. मुलांनी दुपारपर्यंत त्याच्याकडे पाठ फिरवली होती, तरी अहवालात 'डिजिटल अध्यापन सुरू' असंच गेलं.

आता तुमचा सोमवार. दहा ॲप विसरा. गेल्या घटक चाचणीचे पेपर अजून कपाटात असतील, ते काढा. ज्या एका प्रश्नाला सगळ्यात जास्त मुलं चुकली तो शोधा आणि त्या सगळ्या चुकीच्या उत्तरांचे फोनवर फोटो काढा, नावं झाकून. टीव्हीची केबल शोधून ठेवा. तिसऱ्या तासाला पहिला फोटो लावा, विचारा की यानं विचार कसा केला असेल, आणि दहा मिनिटं काही बोलू नका. मुलं जे बोलतील ते लिहून मला पाठवा. मग पुढचा तास आपण दोघं मिळून बांधू.